मारबत कुठे नेते

त्या घरात माझ्या मुलांना कोणी रागावत नसे, आणि तेच मला सलत असे.

सासरी लाड होतात म्हणून कोणी तक्रार करतं का? मी करत होते. मनातल्या मनात करत होते, पण करत होते. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मुलं मोठी आई म्हणत, त्या स्वतःच्या दोन पोरांना सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सारख्या बडवत असत. दूध सांडलं, धपाटा. पाटी हरवली, धपाटा. उन्हात हिंडून आला, आधी धपाटा आणि मग पन्हं. माझ्या दोघांना मात्र नुसतं पन्हं. एकदा माझ्या पाच वर्षांच्या मुलाने पुढच्या खोलीतल्या मागात हात घालून ताण्याचे पाच-सहा धागे तोडले. ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, हा विणकराचा जीव. दिवसाचं काम थांबलं. मी मान खाली घालून वाट बघत राहिले, आता मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले दीर, काय बोलतात म्हणून. ते वाकले, एकेक धागा सांधत बसले आणि म्हणाले, "तुटते असं कधीकधी. काही नाही गा बेटा." वर त्याच्या हातात लाडू ठेवला. त्यांच्या स्वतःच्या मुलाने होळीच्या सुमारास हेच केलं होतं, तेव्हा तो संध्याकाळपर्यंत उपाशी होता. हे त्यानेच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

माझी नऊ वर्षांची मुलगी हे सगळं बघत होती. एका दुपारी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मोठ्या आईला आपण आवडत नाही ना? ती दादाला मारते, आम्हाला मारतच नाही." मी तिला म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस. पण पोरीने नेमकं माझ्या मनातलंच काढलं होतं.

आम्ही नैरोबीहून आलो होतो. 'आलो' म्हणते खरी, पण नागपूर मी त्याआधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझा जन्म तिकडचा. वडील रेल्वेत होते. सासरे तरुणपणी थोरल्या मुलाला आजोबांच्या मागापाशी ठेवून, बायको आणि कडेवरचं पोर घेऊन आफ्रिकेला गेले. ते कडेवरचं पोर म्हणजे माझा नवरा. सासरे जिवंत होते तोवर आमच्या नैरोबीच्या जेवणाच्या टेबलावर रोज नागपूर वाढलं जाई. माग, साड्यांचे काठ, पोळ्याची तोरणं, बर्डीच्या बाजारातली भांडणं, सगळं. ते गेले आणि टेबल गप्प झालं. मुलं शाळेत इंग्रजी, सांभाळणाऱ्या आयेशी स्वाहिली बोलत, आणि मराठी फक्त मी ओरडले की ऐकत.

साठच्या दशकाच्या शेवटी तिथे आमच्यासारख्यांचे कामधंद्याचे परवाने एकेक करून बंद व्हायला लागले. आजूबाजूची घरं रिकामी होत होती. जो तो विलायतेची तिकिटं काढत होता. नवराही तेच म्हणत होता. मीच हट्टाला पेटले. म्हटलं, मुलं आणखी एका परक्या देशात नेऊन आणखी एकदा परकी करायची नाहीत. जिथे रस्त्यात कोणी विचारलं, कोणाचा रे तू, तर त्यांना उत्तर देता येईल अशा जागी त्यांना न्यायचं. मी तशी तापट. एकदा बोलले की बोलले. ठरलं असं की मी मुलांना घेऊन पुढे जायचं आणि ती रुळली की त्यांच्या बाबांनी मागून यायचं. निघताना मुलाने बापाला एकच गोष्ट बजावून सांगितली. मागच्या अंगणातल्या झाडाला मोटारीच्या टायरचा झोका बांधला होता, त्यावर कोणालाही बसू द्यायचं नाही.

बोटीने मुंबई आणि तिथून गाडीने नागपूर. उतरलो तो मे महिना. नैरोबीच्या गार हवेत वाढलेली लेकरं ती. तिसऱ्याच दिवशी मुलाचा घोळणा फुटला. नाकातून रक्त थांबेना, तो भेदरून मला चिकटलेला, आणि मला काय करायचं ते ठाऊक नाही. मोठ्या आईने कांदा फोडून नाकाशी धरला, टाळूवर ओलं फडकं ठेवलं, आणि घरातली एकुलती एक वाळ्याची ताटी काढून आमच्या खोलीच्या खिडकीला लावली. त्यांची स्वतःची मुलं त्या रात्रीपासून गच्चीवर झोपायला गेली. मी नको नको म्हणत राहिले. माझं कोण ऐकतो?

सगळं असंच चाललं होतं. आमचं पाणी उकळून, वेगळ्या माठात. भाकरी यांना पचायची नाही म्हणून मोठेबाबा रोज सकाळी सायकल मारत जाऊन पाव आणायचे, घामाघूम व्हायचे आणि पाव ताटात ठेवताना असे हसायचे की माझ्या घशाखाली तो उतरत नसे. मुलगा पाव खाईना, भाकरीला हात लावीना. दिवसेंदिवस त्याच्या गालांची हाडं वर येत होती. परसातल्या अंधाऱ्या संडासाला तो इतका घाबरे की दोन-दोन दिवस जायचाच नाही. मी दाराबाहेर उभी राहून गाणी म्हणायची. काय उपयोग! आतून नुसतं रडणं ऐकू यायचं.

गल्लीत कोणीही म्हातारा त्याला हटकायचा, "कोणाचा गा तू?" नागपुरात लहान पोराला नाव विचारायच्या आधी हे विचारतात. तो गप्प राहायचा. मग शेजारी उभा असलेला चुलतभाऊ सांगायचा, "आमच्या आफ्रिकेवाल्या काकाचा. पाहुना होय." ते 'पाहुना' कानावर पडलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी माझ्या परीने धडपडले. मोठी आई चरख्यावर बसून कांड्या भरायची. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवतात त्या सुताच्या बारीक नळ्या, त्यांना कांड्या म्हणतात. विणकराच्या घरी हे काम पोरांचं आणि बायांचं. शाळेतून आलं की तिची दोन्ही मुलं कुरकुरत का होईना कांड्या भरायला बसत. मी माझ्या दोघांना त्यांच्या शेजारी बसवलं आणि म्हटलं, यांनाही शिकवा. मोठी आई लगेच उठली. "राहू द्या ना बाई. या लेकराइचे हात नाजूक. सूत कापते बोटाले." मी म्हटलं, कापू दे. ती हसली आणि मुलांच्या हातात खारे शेंगदाणे देऊन त्यांना ओट्यावर पाठवून दिलं.

शेवटी एकदा मी सगळ्यांसमोर मुलाच्या पाठीत रट्टा घातला. कारण किरकोळ होतं. ताट लोटलं एवढंच. खरं तर मला दाखवायचं होतं की बघा, हा मारलेला चालतो, तुम्हीही मारा. मोठी आई स्वयंपाकघरातून धावत आली, त्याला माझ्या हातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "काहून मारता बाई लेकराले? चार दिवसाचे पाहुने बिचारे." चार दिवसांचे! मला येऊन तीन महिने होत आले होते. आणि त्याच आठवड्यात नवऱ्याचं पत्र आलं की परवाना संपला, घर सोडलं, सामान विकलं, सध्या मित्राकडे राहतोय, दिवाळीनंतर बोटीत बसतो. माघारीची वाट बंद झाली होती. इथे आम्ही पाहुणे होतो आणि तिथे आमचं घर उरलं नव्हतं. मुलांना हे कसं सांगायचं ते मला कळेना. मी रोज उद्यावर ढकलत गेले.

अशात पोळा आला.

पोळ्याचा दुसरा दिवस नागपुरात मुलांचा. संध्याकाळी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि घरोघरचे लोक त्यांना बोजारा म्हणून काही नाणी, खाऊ देतात. त्या दिवशी सकाळी मात्र मारबत निघते. बांबू-कागदाची, घरापेक्षा उंच, अक्राळविक्राळ बाई. एक काळी, एक पिवळी. ढोल-ताशांत तिला रस्त्यांवरून मिरवतात आणि माणसं घसा फोडून ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, इडापिडा घेऊन जा गे मारबत. जे जे नकोसं असेल ते तिच्या पदरात टाकायचं आणि तिला गावाबाहेर पोचवायचं.

आदल्या दिवशी मोठेबाबांनी माझ्या मुलासाठी नवा कोरा बैल आणला. पांढराशुभ्र, चाकांचा, शिंगांना तांबडा रंग. घरातला जुना बैल आजोबांच्या वेळचा, एक शिंग मोडकं. तो पुतण्याच्या वाट्याला. पुतण्या नव्या बैलाकडे ज्या नजरेने बघत होता ती मला बघवेना. पण पाहुण्याला नवा द्यायचा, हे त्या घरात ठरलेलंच, कोणी बोलूनही दाखवत नसे.

मारबतीच्या दिवशी सकाळी मी मुलीची वेणी घालत होते. मुलगा मांडीला टेकून विचारत होता. मारबत खरंच सगळं घेऊन जाते? हो. खोकला पण? खोकला पण. दादा म्हणाला ढेकूण पण. ढेकूण पण. कुठे नेते? लांब. किती लांब? मी रिबीन तोंडात धरलेली, पोरगी सारखी मान हलवत होती. "खूप लांब रे." तो म्हणाला, "समुद्राच्या पलीकडे?" मी म्हटलं, "हो, समुद्राच्या पलीकडे. जा आता, चप्पल घाल."

तो निघण्याआधी कधी नव्हे ते खुशीत आला. स्वतःहून भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. मोठी आई माझ्याकडे बघून हसली. मलाही वाटलं, आता हळूहळू रुळतोय.

गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर आम्ही सगळे उभे राहिलो. माणसांची ही गर्दी. मोठ्या आईने एका हाताने माझ्या मुलाला धरलेलं, दुसऱ्या हाताने तिच्या मुलीला. काळी मारबत आली. पोरं एकेकाच्या नावाने ओरडत होती. कोणी म्हणालं मच्छर, कोणी म्हणालं घामोळ्या. पुतण्या ओरडला, "गनिताचे मास्तर!" आणि सगळ्यांनी हसत हसत साथ दिली, "घेऊन जा गे मारबत!" ढोल क्षणभर थांबले, वाजवणारे हात बदलत होते म्हणून. तेवढ्या शांततेत माझ्या मुलाने मोठ्या आईचा हात सोडवला, दोन पावलं पुढे गेला, दोन्ही हात त्या काळ्या बाईकडे वर केले आणि जीव तोडून ओरडला,

"मले घेऊन जा गे मारबत! आईले, ताईले घेऊन जा!"

तीन महिन्यांत त्या गल्लीच्या बोलीत तो पहिल्यांदाच काही बोलला होता.

कोणी साथ दिली नाही. शेजारच्या बायांनी तोंडावर पदर धरले. मला आधी काही कळलंच नाही. मग सकाळची रिबीन आणि समुद्राच्या पलीकडचं माझं उत्तर आठवलं. मी त्याच्याकडे जायच्या आत मोठी आई गेली होती. तिने त्याला दंडाला धरून फिरवलं आणि एवढ्या जोरात थोबाडीत दिली की तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"मरायले चालला का रे, पोट्ट्या! असं बोलते का कोनी?" आणि आणखी एक. मग त्याला पोटाशी दाबून धरलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली, आणि त्या चाललेल्या बाहुलीकडे तोंड करून रडत रडत म्हणाली, "नाही वं माय, लेकरू आहे. त्याचं बोलनं मनावर घेऊ नोको. आमचं होय हे, आमच्यापाशीच राहू दे." ढोल परत सुरू झाले. मारबत पुढे गेली. मुलगा हमसून हमसून रडत होता, आणि रडताना त्याने तोंड खुपसलं होतं ते मोठ्या आईच्या पदरात. मी तिथेच दोन हातांवर होते. माझ्याकडे तो आला नाही.

मोठी आई माझ्यावरही घसरली. "तू काय बघत उभी राहिली वं? तुले काही समजते का नाही? घरी चाल, दृष्ट काढू दे याची." मी मुकाट्याने मागून गेले. तिने मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, पुन्हा दोन शिव्या मला घातल्या, आणि मग त्याला मांडीवर घेऊन दुधात भाकरी कुस्करून भरवली. त्याच्या गालावर तिची बोटं उमटली होती. त्याने वाटीभर खाल्लं.

मला काय वाटलं ते आज इतक्या वर्षांनीही धड सांगता येत नाही. ज्या मारासाठी मी तीन महिने देवाला हात जोडत होते तो मिळाला होता. पण तो कशाला मिळाला? माझ्या मुलाला आम्हा तिघांना घेऊन पळून जायचं होतं म्हणून.

दुपारनंतर घराचा रंगच बदलला. आपल्या आईने याला मारलं म्हटल्यावर पुतण्यालाही धीर आला. त्याने नवा बैल उचलला आणि मोडक्या शिंगाचा जुना माझ्या मुलाच्या पुढ्यात टाकला. "हा तुले. नवा माहा." दोघांची जुंपली. लोटालोटी, चावाचावी. मोठी आई आतूनच ओरडली, "दोघाइलेही बदडीन, चूप बसा!" आणि मोठेबाबांनी मागावरून मान वर केली नाही. माझी मुलगी एका कोपऱ्यात चरख्याशी बसली होती. तिच्या पुढ्यात कोणी न विचारता कांड्यांची टोपली सरकवली होती.

मुलगा हरला. जुना बैल काखेत धरून माझ्याजवळ येऊन बसला आणि दारातून रस्त्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, मारबत आता बोटीत बसली असेल?"

पुतण्याने ऐकलं. "बोट कायची बे! तिले जाळते. गावाच्या बाहीर नेते अन् जाळून टाकते. दरवर्षीच जाळते."

मुलाने माझ्याकडे पाहिलं.

"सगळं जाळतात? तिने नेलेलं पण?"

"हो रे."

"मग आपल्याला घरी कोण नेणार?"

इतके दिवस पुढे ढकललेलं तेव्हा सांगून टाकलं. त्याच्याकडे न बघता सांगितलं. तिथे आता आपलं घर नाही. बाबांनी ते सोडलं. बाबाच इथे येणार आहेत, आपल्याजवळ. मला वाटलं रडेल, मला मारेल. त्याने बैलाचं मोडकं शिंग दोन-तीनदा चाचपलं.

"मग माझ्या झोक्यावर कोण बसतं?"

"मला माहीत नाही."

"तू म्हणालीस समुद्राच्या पलीकडे नेते."

बाहेरून पुतण्याची हाक आली, "चाल ना बे, बोजारा संपून जाईन!" तो उठला. बैलाची दोरी हातात घेतली. मी त्याचे डोळे पुसायला पदर पुढे केला तर त्याने तोंड फिरवलं आणि बाहीनेच पुसलं. दोघं ओटा उतरून शेजारच्या दारात गेले. मी बसल्या जागेवरून बघत होते. शेजारच्या म्हाताऱ्यांनी नेहमीसारखं विचारलं, बहुधा सवयीनेच, "कोणाचा गा तू?"

पुतण्याने तोंड उघडलं होतं. पण माझा मुलगा त्याच्या आधी बोलला.

"मोठ्या आईचा."

म्हाताऱ्यांनी हसून त्याच्या हातावर दोन नाणी ठेवली. मोठी आई आतून विचारत होती, काय म्हनाला वं तो, काय म्हनाला? मी तिला सांगितलं नाही.